एमबीएआधी कुठलं काम धरू? (हिंगणघाटजवळचं गाव, बी.एस्सी. अ‍ॅग्री, हातात तीन ऑफर)

वणाकाठची · ११ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

हिंगणघाटपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आमचं गाव. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून यंदा बी.एस्सी. अ‍ॅग्री केलं, शेवटच्या सेमिस्टरचा निकाल यायचा आहे. घरी सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. एमबीए करायचं नक्की आहे, पण लगेच नाही. आधी दोन वर्षं काम करणार. एक तर आत्ता एवढं कर्ज काढायची घरची ताकद नाही. आणि खरं सांगायचं तर वर्गात उभं राहून सांगावं असं मला अजून काही येतच नाही.

पुढे काय करायचं तेही ठरलं आहे. कापूस वावरातून निघतो, जिनिंगवर जाऊन सरकी वेगळी होते, तिथून गाठी सूतगिरणीला जातात. त्या खरेदीच्या साखळीत मला काम करायचं आहे. लहान असताना बाबांसोबत मेटॅडोरमध्ये बसून बाजार समितीत जायचे. रात्रभर रांग, सकाळी हर्रास. व्यापारी यायचा, मूठभर कापूस दाबून बघायचा आणि दोन मिनिटांत आमच्या वर्षाचा भाव ठरायचा. त्या दोन मिनिटांत तो काय बघतो हे बाबांना आजही सांगता येत नाही. मला ते शिकायचं आहे.

आता ऑफर. पुण्यात एका कंपनीत डेटा भरायचा आणि ग्राहकांचे रिपोर्ट काढायचे, पगार २६,०००. एका बियाणे कंपनीत यवतमाळ जिल्ह्यासाठी मार्केट डेव्हलपमेंट ऑफिसर, २२,००० आणि पेट्रोल वेगळं. तिसरी आमच्याच तालुक्यातली शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन काढलेली. हिशेब आणि खरेदी दोन्ही बघायचं, पगार १४,०००.

आई म्हणते बँकेची परीक्षा दे. बाबा काहीच बोलत नाहीत, पण पुण्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उजळतो. मला उत्तर द्यायला दहा दिवस आहेत.

---

मिहान_शिफ्ट · ११ जून, रात्री ११.०५

ताई, पुणे घे. माझं मत स्पष्ट आहे. एमबीएनंतर प्लेसमेंटला बसशील तेव्हा मोठ्या कंपन्या आधीच्या कंपनीचं नाव बघतात. तालुक्यातल्या उत्पादक कंपनीचं नाव मुंबईत बसलेल्या माणसाला काय कळणार? आणि १४,००० हा आकडा पुढच्या पगाराच्या बोलणीत आडवा येतो. हे मी माझ्या वर्गातल्या मुलांचं बघून सांगून राहिलो.

---

हिंजवडी_ते_वरूड · १२ जून, सकाळी ७.४०

मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितो. वरूडला घरी संत्र्याचा बगीचा. इंजिनिअरिंग झालं आणि सगळे गेले म्हणून मीही हिंजवडीला गेलो. तीन वर्षं सॉफ्टवेअर सपोर्टचं काम केलं. ते काम वाईट नव्हतं, माणसं चांगली होती. पण एमबीएच्या मुलाखतीत मी सांगितलं की मला फळांच्या साठवणुकीत आणि निर्यातीत काम करायचं आहे. पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं, "गेल्या तीन वर्षांत यासाठी तुम्ही काय केलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंबिया बहाराची फळगळ मी फोनवर बाबांकडून ऐकली होती, तेवढंच. तिथे प्रवेश झाला नाही.

ज्याला पुढे आयटीतच वर जायचं आहे, प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं आहे, त्याच्यासाठी हिंजवडी योग्यच जागा आहे. तुझी वाट ती नाही एवढंच.

---

पांदणरस्ता · १२ जून, दुपारी १.१५

वणाकाठची, तू लिहिलेलं दोनदा वाचलं. तुझ्यासारखंच दारव्ह्याकडच्या गावातून आलो, म्हणून जरा लांब लिहितो.

पदवीनंतर अकोल्याच्या एका डाळ मिलमध्ये दोन वर्षं खरेदी सहायक होतो. पगार सांगण्यासारखा नव्हता. नंतर अ‍ॅग्री-बिझनेसमध्ये एमबीए केलं, आज कडधान्यांच्या व्यापारात आहे. माझ्या मुलाखतीतला एक प्रसंग सांगतो. मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो, आम्ही तुरीची इतकी खरेदी केली, आम्ही भाव पडताना खरेदी थांबवली. समोरचे सर शांतपणे म्हणाले, "थांबवायची हे कोणी ठरवलं?" मी म्हटलं, मालकांनी. "मग तुम्ही काय ठरवलंत?"

पोटात खड्डा पडला. मग मला तो ४० क्विंटलचा लॉट आठवला. मालक बाहेरगावी होते, अडत्या घाई करत होता. मी पोत्यात खालपर्यंत बंबी (नमुना काढायची टोकदार नळी) मारून दाणे काढले. वर माल चांगला होता, मधे कीड लागलेला. मी लॉट परत केला, अडत्या चिडला, मालक आल्यावर मलाच बोलले आणि दोन दिवसांनी तोच लॉट दुसऱ्या मिलने घेऊन कसा त्रास भोगला ते कळल्यावर गप्प झाले. हे सगळं मी सांगितलं. त्यानंतरची वीस मिनिटं त्या एका लॉटवरच बोलणं झालं. नमुना कसा काढला, किती पोत्यांतून, अडत्याशी नंतर संबंध कसे सावरले.

म्हणून माझं म्हणणं असं की पगार आणि नाव बाजूला ठेवून तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचार: पहिल्या सहा महिन्यांत कोणती गोष्ट मी स्वतः ठरवणार? पुण्याच्या कामात बहुतेक काहीच नाही. बियाणे कंपनीत थोडं. उत्पादक कंपनीत कदाचित पुष्कळ, कदाचित अजिबात नाही, कारण तिथे सगळं संचालक मंडळावर अवलंबून असतं. ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

मिहान_शिफ्ट यांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. कन्सल्टिंग किंवा मोठ्या बँकांकडे जायचं असेल तर आधीच्या कंपनीचं नाव बघतात. पण प्रवेशाच्या फॉर्मवर महिने मोजले जातात. आयआयएम बंगळुरूच्या गुणांकनात ३६ महिन्यांपर्यंत अनुभवाचे गुण वाढत जातात, त्यापुढे वाढत नाहीत. म्हणजे दोन-तीन वर्षं पुरेत, पाच-सहा वर्षं थांबून दोन वर्षांच्या एमबीएसाठी काही विशेष मिळत नाही. उशिरा जायचंच असेल तर एक वर्षाचे अभ्यासक्रम असतात, आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो.

आणि सरसकट एमबीए एवढंच डोक्यात ठेवू नकोस. तुझ्या पदवीवर अहमदाबादचा फूड अँड अ‍ॅग्री-बिझनेस, लखनौचा अ‍ॅग्री-बिझनेस, हैदराबादचं मॅनेज, पुण्याचं वॅमनिकॉम हे सगळे आहेत. आणंदचं इर्मा तर अमूलच्या कुरियन यांनी १९७९ साली शेतकऱ्यांच्या संस्थांना व्यवस्थापक मिळावेत म्हणूनच उभं केलं. या ठिकाणी तालुक्यातली उत्पादक कंपनी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

---

जिनिंगवाला_भाऊ · १२ जून, रात्री ९.३०

ताई, मी शिकलो मॅट्रिकपर्यंत, पण जिनिंगवर पंचवीस सीझन काढले. तुह्या बाबाले सांगता येत नाही ते मी सांगतो.

व्यापारी मूठ दाबते तवा तीन गोष्टी पाह्यते. ओल किती, कवडी अन् पत्ती म्हणजे खराब कापूस अन् पाल्याचा कचरा किती, धागा किती लांब. मूठ सोडल्यावर कापूस फुलून वर आला त कोरडा. गोळा तसाच राह्यला त ओला. मंग तो चिमटीत धागा वढून पाह्यते, दोन्ही अंगठ्यात धरून. ते दोन मिनिटात होते, पण शिकाले तीन सीझन लागते.

आता हिशेब कर. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, सरकी ६४, बाकी घट. रुईचा भाव खंडीवर चालते, खंडी म्हणजे ३५६ किलो. समज खंडी ५४,००० नं हाय. किलोले पडले १५१ रुपये अन् वर काही पैसे. ३४ किलोचे ५,१५७ झाले. सरकी समज ३५ रुपये किलो, ६४ किलोचे २,२४०. दोन्ही मिळून ७,३९७. याच्यातून जिनिंगचा खर्च, गाठी बांधाचा खर्च, गाडीभाडं काढ. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव होता ८,११०. मंग खंडी ५४,००० असल्यावर खाजगी व्यापारी ८,११० देईन कुठून? म्हणून सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रापुढं गाड्यायची रांग लागते. अन् सीसीआय ८ टक्के मॉइश्चरवर पुरा भाव देते, १२ पर्यंत कापून देते, १२ च्या वर घेतच नाही. कास्तकार रातच्या दवातला कापूस भरून आणते अन् काट्यावर रडते.

रुईचा उतारा क्विंटलमागं ३४ किलोचा ३३ झाला त रुईत क्विंटलमागं दीडशे रुपये गेले. एक किलो सरकी जास्त निघाली तरी पस्तीसच वापस येते. शंभर क्विंटलच्या गाडीत धर, साडेअकरा हजाराच्या वर फटका. हे ज्याले समजते तोच खरेदीत टिकते. पुण्यात बसून हे समजत नाही, एवढं मले समजते.

---

मिहान_शिफ्ट · १२ जून, रात्री १०.१०

भाऊ, हा हिशेब मी पहिल्यांदाच पाहिला. घरी कापूस पिकतो, तरी माहीत नव्हता.

---

राळेगाव_रोड · १३ जून, सकाळी ११.००

बियाणे कंपनीबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. मी तीन वर्षं हेच काम केलं, यवतमाळ जिल्ह्यातच. सध्या मार्केटिंगमध्ये एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

या कामाला कमी समजू नका. कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव केंद्र सरकार ठरवतं. त्यामुळे कंपन्यांची मारामारी भावावर होत नाही. ती होते दुकानदाराच्या मार्जिनवर, उधारीच्या दिवसांवर आणि पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात माल दुकानात आहे की नाही यावर. मी पहिल्या वर्षी एका वाणाची मागणी जास्त धरली. जुलैत पाकिटांचे खोकेच्या खोके परत आले. दुसऱ्या वर्षी मी गावोगाव जाऊन आधीच्या हंगामात कोणाच्या वावरात कोणतं वाण किती चाललं ते वहीत लिहिलं, तशी मागणी दिली, परत येणारा माल निम्म्याहून खाली आला. माझी सगळी मुलाखत त्या वहीवर झाली.

मुलगी म्हणून विचारत असशील तर खरं सांगते. एप्रिल ते जून सकाळी सहाला गाडी काढायची, रात्री आठ वाजतात. कृषी सेवा केंद्रात पहिले दोन महिने दुकानदार "साहेब कुठे आहेत?" विचारतात. नंतर विचारत नाहीत. शेतातल्या प्रात्यक्षिक प्लॉटवर बायका माझ्याशी मोकळं बोलायच्या, पुरुष सहकाऱ्यांना ते कधी मिळालं नाही, आणि बियाणं कोणतं घ्यायचं यात बायकांचं मत किती चालतं हे मला तिथे कळलं. मुक्कामाची सोय, रात्रीच्या मीटिंगा आणि गाडीचा विमा हे मात्र आधीच लेखी विचार.

पण तुला विक्रीत जायचं नाही, खरेदीत जायचं आहे. तू माझी धाकटी बहीण असतीस तर मी तुला हेच सांगितलं असतं: बियाणं विकणं आणि कापूस विकत घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, गाव एकच असलं तरी.

---

खतबियाणं · १३ जून, दुपारी ३.२०

एक महत्त्वाचं. कागद!

मी नातेवाइकांच्या कृषी सेवा केंद्रात अडीच वर्षं राबलो. पगार रोख, नियुक्तीपत्र नाही, हजेरी नाही. फॉर्म भरताना अनुभव दाखवायला एक चिठोरं नव्हतं. अडीच वर्षं शून्य धरली गेली. मी रडलो होतो त्या दिवशी. म्हणून हात जोडून सांगतो: नियुक्तीपत्रावर तारीख आणि पद हवं, पगार बँकेतच घ्यायचा, सोडताना अनुभवाचं प्रमाणपत्र. घरचाच धंदा असेल तर जीएसटीचे आणि आयकराचे कागद. अनुभव साधारणपणे पदवी पूर्ण झाल्यानंतरचा आणि पूर्णवेळ पगारीच धरतात, इंटर्नशिप त्यात येत नाही. तुझा निकाल अजून आला नाही ना? मग आधी निकाल हातात घे आणि रुजू होण्याची तारीख त्यानंतरची राहील असं बघ.

---

गोंडपिपरीकर · १३ जून, रात्री ८.४५

आईंच्या बँकेच्या म्हणण्यावर थोडं. मी चंद्रपूर जिल्ह्यात मायक्रोफायनान्समध्ये फिल्ड ऑफिसर आहे, बचत गटांच्या सेंटर मीटिंगा घेतो. पुढे फायनान्समध्ये एमबीए करायचं असेल तर हे काम उत्तम, कारण कोणाला किती कर्ज पेलेल हे घरात पाय ठेवल्यावर कळायला लागतं. पण वसुलीचा ताण रोजचा असतो. बँकेत क्लार्क म्हणून लागलीस तर नोकरी सुरक्षित, घरी समाधान, आणि मग दोन वर्षांनी ती सोडायला कोणीच तयार नसतं, तू स्वतःसुद्धा. हे मी माझ्या दोन मित्रांचं पाहिलं आहे.

---

निवृत्त_शाखाधिकारी · १४ जून, सकाळी ९.१०

बाळा, मी ३१ वर्षं ग्रामीण शाखांमध्ये काम केलं. पैशांचं आणि त्या उत्पादक कंपनीचं बोलतो.

पुण्यात खोली, मेस, येणं-जाणं धरून माझ्या पुतण्याचे बारा हजार सहज जातात. २६,००० मधून १४,००० उरतात. घरी राहून मिळणारे १४,००० जवळजवळ तेवढेच झाले. त्यामुळे पुण्यात पैसा जास्त आहे हा हिशेब एकदा कागदावर मांडून बाबांना दाखव.

कर्जाची भीती बाळगू नकोस. मोठ्या आयआयएमची फी वीस लाखांच्या वर आहे हे खरं. पण २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत आहे. सात एकर गहाण ठेवायची गरज नाही, हे बाबांना नीट समजावून सांग. त्यांची चिंता तीच असणार.

आता कंपनी. ती दहा हजार उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेतली आहे का ते विचार. फेब्रुवारी २०२० मध्ये ही योजना सुरू झाली. तीत कंपनीच्या सीईओसाठी महिन्याला २५,००० पर्यंत आणि लेखापालासाठी १०,००० पर्यंत मदत मिळते, पण तीनच वर्षं. त्यानंतर पगार कंपनीने स्वतःच्या कमाईतून द्यायचा. मी अशा कंपन्या पाहिल्या आहेत की तिसरं वर्ष संपलं आणि कार्यालयाला कुलूप लागलं. तेव्हा हे कितवं वर्ष आहे, मागच्या वर्षीची उलाढाल किती, ऑडिट झालं का आणि कास्तकारांचे चुकारे, म्हणजे मालाचे पैसे, किती दिवसांत होतात, हे चार प्रश्न विचारायचे. ताळेबंद मागायला संकोच करू नकोस. जे दाखवणार नाहीत तिथे जायचं नाही.

---

वणाकाठची · १४ जून, रात्री ११.३०

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. भाऊंचा हिशेब मी बाबांना वहीवर करून दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "म्हणजे ओल आपल्याला एवढी महाग पडते?" यंदा दव उतरल्यावरच वेचणी करायची असं आईशी बोलून राहिले आहेत.

उद्या उत्पादक कंपनीत जाते, सगळे प्रश्न लिहून घेतले आहेत. एक शंका राहिली. एमबीएची प्रवेश परीक्षा कॅट बहुतेक वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते आणि दिवाळीनंतर तर खरेदी भरात असते. अभ्यास कसा जमेल?

---

पांदणरस्ता · १५ जून, सकाळी ८.००

पहिल्या वर्षी परीक्षा देऊच नकोस. पहिला हंगाम पूर्ण मनाने कर. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी ते सप्टेंबर हा तुझा काळ, खरेदी थंडावलेली असते. गणित आणि डेटाचे प्रश्न तेव्हा संपव. ऑक्टोबरपासून फक्त रविवारी एक पूर्ण सराव परीक्षा, नागपूरला जायची गरज नाही, घरीच घड्याळ लावून. आणि परीक्षेच्या आठवड्याची चार दिवसांची सुट्टी रुजू होतानाच बोलून ठेव, नोव्हेंबरात मागितली तर मिळणार नाही.

इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख वाच. आपल्याकडच्या मुलांचा घात तिथे होतो, गणितात नाही.

आणखी एक कर. रोज रात्री पाच ओळी लिही: आज काय भाव होता, कोणी काय ठरवलं, मी काय ठरवलं, कुठे चुकले. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत लांबली. अशा वेळी तुमच्या काट्यावर काय झालं हे ज्याच्या वहीत तारखेनिशी असतं, त्याच्याशी पॅनेल वेगळ्या पद्धतीने बोलतं.

---

वणाकाठची · १७ जून, सायंकाळी ७.१५

जाऊन आले. अध्यक्ष स्वतः कास्तकार आहेत, साठीचे. ताळेबंद मागितल्यावर आधी गप्प झाले, मग कपाटातून फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. योजनेचं दुसरं वर्ष चालू आहे. ऑडिट झालेलं आहे. चुकारे मागच्या हंगामात नऊ ते बारा दिवसांत झाले, ते आठाच्या आत आणायचे असं त्यांनीच म्हटलं. तोटा आहे, पण थोडा, आणि तो सोयाबीनच्या एका सौद्यात कसा झाला ते त्यांनी लपवलं नाही.

मी विचारलं, मी काय ठरवणार? ते म्हणाले, आजपर्यंत हे कोणी विचारलं नाही. मग दोन संचालकांना बोलावलं. ठरलं ते असं: २५ क्विंटलपर्यंतचा माल घ्यायचा की परत करायचा हे काट्यावर मी ठरवणार, त्यावरचं फोन करून. नियुक्तीपत्र मिळणार, पगार बँकेत, १६,०००. पुढच्या वर्षी नोव्हेंबरची सुट्टी पत्रातच लिहून देणार. निकाल आला की दुसऱ्या दिवसापासून रुजू.

पुण्याला नाही कळवलं. बियाणे कंपनीच्या साहेबांना फोन करून आभार मानले. बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग आपला कापूस तूच मोजशील?" आपल्या घरचा माल मी मोजणार नाही, त्या दिवशी दुसरं कोणी काट्यावर असेल, हेही मी अध्यक्षांना सांगून आले.

भाऊ, एक विचारायचं आहे. त्यांच्याकडचा मॉइश्चर मीटर जुना आहे, एकाच ढिगात तीन वेळा तीन आकडे दाखवतो. कास्तकारासमोर कुठला आकडा धरायचा?

---

जिनिंगवाला_भाऊ · १७ जून, रात्री ९.५०

एकही धरू नको. ढिगाच्या पाच जागी लाव, वर, खाली, मधात, दोन्ही बाजूनं. सगळे आकडे कास्तकाराच्या डोयापुढं पाटीवर लिही, मंग सरासरी काढ. भांडण होत नाही. अन् सीझन सुरू व्हायच्या आधी तो मीटर जिनिंगवर घेऊन ये, आमच्या मीटरसंगं लावून पाहू किती फरक हाय तो. दसऱ्याच्या आधी ये, मंग मले वेळ राहत नाही.

---

वणाकाठची · १७ जून, रात्री १०.०५

येते भाऊ. बाबांनाही सोबत आणते.